तहाचा जमाखर्च

जॉन मेनार्ड केन्स यांचा ‘शांततेचे आर्थिक परिणाम’ हा इंग्रजी ग्रंथ १९१९ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. त्यास शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरी जागतिक राजकारणाच्या मुळाशी वाहणारा पैशाचा प्रवाह ज्यास पाहावयाचा आहे, त्यास हा ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही. मात्र फार गाजलेल्या ग्रंथांच्या वाट्यास येणारे दुर्दैव याच्याही वाट्यास आले आहे. त्याचा निष्कर्ष सर्वांच्या तोंडी असतो, पण त्यातील युक्तिवाद फार थोड्यांच्या ध्यानात असतो. म्हणून त्याचे गुणदोष पुन्हा एकवार तपासून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची हयात सरकारी टिपणे लिहिण्यात जाते. त्यांना या ग्रंथाचा जन्मवृत्तांत विशेष जवळचा वाटेल. केन्स १९०६ मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरीस लागले. तेथे त्यांच्याकडे आलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे आयरशायर जातीचे दहा गोऱ्हे मुंबईस रवाना करण्याची व्यवस्था! हिंदुस्थान त्यांनी कधीही पाहिला नाही. पण त्याच्या चलनपद्धतीवर त्यांनी १९१३ मध्ये आपला पहिला ग्रंथ लिहिला. त्यातील सुवर्ण-विनिमय परिमाणाच्या पुरस्काराचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मधील आपल्या रुपयाविषयीच्या प्रबंधात कसून प्रतिवाद केला, हे अभ्यासकांना ठाऊकच आहे. १९१९ च्या पॅरिस परिषदेत केन्स ब्रिटिश अर्थखात्याचे प्रतिनिधी होते. आपला सल्ला मानला जात नाही असे पाहून त्यांनी जूनमध्ये राजीनामा दिला, आणि जे फाइलीत मान्य झाले नाही ते काही महिन्यांतच ग्रंथरूपाने लोकांपुढे मांडले.

ग्रंथाचा गाभा साधा आहे. व्हर्सायच्या तहाने सरहद्दी आखल्या, सैन्ये कमी केली, दोष कोणाचा ते ठरविले. पण युरोप उद्या खाणार काय, या प्रश्नाकडे परिषदेने पाठ फिरविली. जर्मनीचा कोळसा, लोखंड, व्यापारी जहाजे व वसाहती काढून घ्यावयाच्या आणि त्याच जर्मनीकडून अवाढव्य खंडणी मागावयाची, यातील विसंगती केन्स यांनी एकेक आकडा मांडून दाखविली. जर्मनीची देण्याची शक्ती फार तर दोन अब्ज पौंड, म्हणजे चाळीस अब्ज सुवर्ण-मार्क आहे, असे त्यांचे अनुमान होते. १९२१ मध्ये मित्रराष्ट्रांनी मागणी केली ती १३२ अब्ज मार्कांची. पण त्यांपैकी ८२ अब्जांचे रोखे केवळ नावापुरतेच होते. खरी मागणी पन्नास अब्जांची होती. म्हणजे जाहीर सभांतून मोठा आकडा गाजत राहिला आणि हिशेबनीसांच्या वहीत केन्स यांच्या आकड्याजवळचा आकडा राहिला!

आमच्या मते ग्रंथाचा सर्वांत मोलाचा भाग शेवटच्या प्रकरणात आहे, आणि नेमका तोच कमी वाचला जातो. मित्रराष्ट्रांनी युद्धकाळात परस्परांकडून घेतलेली कर्जे रद्द करावीत, असे केन्स यांनी तेथे सुचविले. ते कोणी ऐकले नाही. १९२४ च्या डॉज योजनेनंतर अमेरिकेचा पैसा कर्जरूपाने जर्मनीत जाऊ लागला. जर्मनी त्यातून फ्रान्स व ब्रिटनला भरपाई देई, आणि तीच राष्ट्रे आपल्या कर्जाचे हप्ते अमेरिकेस पोचवीत. हे रहाटगाडगे १९२९ नंतरच्या मंदीत थांबले आणि १९३२ च्या लोझान परिषदेत भरपाईचा प्रश्न जवळजवळ निकालात निघाला. तोवर फार उशीर झाला होता.

आता दोषांकडे वळू. केन्स यांची लेखणी धारदार आहे, आणि तिच्या धारेवर त्यांचे स्वतःचेच प्रेम आहे. क्लेमांसो यांचे हातमोजे आणि विल्सन यांचा धर्मोपदेशकी थाट यांनी वाचक रंगून जातो. पण उत्तर फ्रान्समधील पाण्याने भरलेल्या खाणी व उद्ध्वस्त गावे त्याच्या मनात तितकी ठसत नाहीत. युद्धपूर्व सुबत्तेचे त्यांनी रेखाटलेले चित्र मोहक आहे खरे, पण त्यात लंडनमधील चहा पिणारा आहे, चहाच्या मळ्यातील मजूर नाही. ज्यांच्या श्रमांवर ती सुबत्ता उभी होती, त्यांच्या वतीने वाचणाऱ्यास ही उणीव खटकल्यावाचून राहत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप एत्येन मांतू या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने घेतला. १९४५ च्या एप्रिलमध्ये तो रणांगणावर पडला. त्याचा ग्रंथ मरणोत्तर १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीला जे देणे अशक्य म्हणून सांगितले गेले, त्याहून अधिक धन हिटलरने शस्त्रास्त्रांवर ओतले, हे त्याने दाखवून दिले. देण्याची शक्ती केवळ उत्पन्नावर ठरत नाही, ती इच्छेवरही ठरते. आणि केन्स यांच्या ग्रंथाने इंग्लंडच्या मनात अपराधाची जी भावना रुजविली, तिचा लाभ पुढे भलत्यांनी घेतला, हा मांतूचा आरोप आम्हांस सर्वस्वी अमान्य करता येत नाही.

तथापि ग्रंथाची उपयुक्तता संपलेली नाही. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर पूर्ण आक्रमण केल्यावर पाश्चात्त्य राष्ट्रांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठविली; तिच्या उत्पन्नाच्या आधारे युक्रेनला ५० अब्ज डॉलरचे कर्ज देण्याचे सात प्रमुख राष्ट्रांनी २०२४ मध्ये ठरविले. आक्रमकाने भरपाई द्यावी, हा न्याय निर्विवाद आहे. परंतु ती कशातून वसूल व्हावयाची, आणि त्यानंतर परक्या तिजोरीत आपली ठेव ठेवण्यास कोण धजेल, हे प्रश्न केन्स यांच्या जातीचे आहेत.

परराष्ट्र खात्याची फाइल निराळी आणि अर्थखात्याची निराळी, ही सोय कचेरीपुरती ठीक आहे. इतिहास ती पाळीत नाही. कोणताही तह हाती आल्यास त्यातील आकडा प्रथम पाहावा, हे केन्स यांनी शिकविले. त्या आकड्यामागे मागणाऱ्याचे भय आणि देणाऱ्याचा हेतूही पाहावा, हे मात्र त्यांच्या ग्रंथाबाहेर, मांतूसारख्यांकडून शिकावे लागते. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत, अशी आमची शिफारस आहे.