फाइल, बखर आणि एक खाडाखोड

गेली सहा वर्षे मी दोन मित्रांबरोबर ई-मेलवरून राज्ये चालवतो आहे. एक मित्र नाशिकला, दुसरा टोरांटोला. खेळाचे नाव 'सिव्हिलायझेशन ४'. सिड मायर यांच्या १९९१च्या मूळ खेळाची ही २००५ मधली आवृत्ती. आपली पाळी खेळायची, राज्याची फाइल साठवायची आणि ती पुढच्याला ई-मेलला जोडून पाठवायची. नोकरी, घर आणि घड्याळांतला फरक सांभाळून एक फेरी पुरी व्हायला आठवडा लागतो. खेळ इसवी सनपूर्व ४००० मध्ये सुरू होतो आणि सुरुवातीला एका पाळीत चाळीस वर्षे सरतात.

टपालाने डाव खेळण्याची प्रथा जुनी आहे. १८२४ ते १८२८ या काळात लंडन आणि एडिंबरोच्या बुद्धिबळ क्लबांनी पत्रांतून पाच डाव खेळले. त्यातल्या दुसऱ्या डावात लंडनकरांनी पाठवलेली एक चाल मागे घेण्याची विनंती केली. एडिंबरोने ती मान्य केली नाही. हे उदाहरण पुढे उपयोगी पडणार आहे.

हा खेळ इतिहास शिकवतो, असे त्याचे चाहते सांगतात. मला ते अर्धेच पटते. शेती, लेखन, धर्म, तोफा यांची एकमेकांवर अवलंबून असलेली साखळी तो चांगली दाखवतो. राजधानीपासून शहर जितके लांब, तितका त्याचा खर्च जास्त, हा नियमही विचारपूर्वक केलेला आहे. पण इथेच त्याची मर्यादा दिसते. या खेळात अंतर पैशांत मोजले जाते, अज्ञानात नाही. शत्रूचा मुलूख धुक्यात असतो, पण स्वतःच्या राज्यातले टोकाचे ठाणेसुद्धा राजाला लख्ख दिसते आणि त्याचा हुकूम तिथे त्याच क्षणी पोचतो.

प्रत्यक्षात असे नव्हते. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर फौज बुडाली, तेव्हा कुमक घेऊन उत्तरेकडे निघालेले नानासाहेब पेशवे माळव्यात होते. सांकेतिक भाषेतले पत्र भेलशाच्या मुक्कामी हाती पडेपर्यंत, नसलेल्या फौजेच्या भरवशावर त्यांचे बेत चालू होते. म्हणजे धुके आपल्याच बाजूला होते. संगणकाने ते पुसून टाकले आहे.

ई-मेलमुळे त्यातले थोडे परत येते. फाइल गेली की आठवडाभर काहीच कळत नाही. टोरांटोच्या मित्राने सीमेवर फौज का आणली, हे पडद्यावर समजत नाही. त्याच्या पत्रातल्या चार ओळींवरून ताडावे लागते. आम्ही प्रत्येक फाइलबरोबर आपापल्या राजाची हकिकत लिहून पाठवतो. तिला आम्ही गमतीने 'बखर' म्हणतो. माझ्या मते या खेळातला इतिहासाचा खरा धडा फाइलपेक्षा या बखरीतच आहे. आणि तो मला फार बरा नसलेल्या रीतीने मिळाला.

दोन वर्षांपूर्वी मी नाशिककराच्या एका शहरावर चाल केली. हल्ल्याआधी खेळ यशाची शक्यता टक्क्यांत दाखवतो. ती सत्तरच्या वर होती. तरी हरलो. आलेली मूळ फाइल माझ्याकडे होतीच. ती पुन्हा उघडली. त्याच क्रमाने त्याच चाली केल्या तर निकाल सहसा तोच येतो, हे मला माहीत होते. म्हणून आधी दुसरीकडची एक लढाई उरकली आणि मग तोच हल्ला केला. या वेळी शहर पडले. बखरीत मी लिहिले, 'सेनापतीने शर्थ केली.'

राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. बखरींपेक्षा समकालीन पत्रांवर विसंबावे, हा त्यांचा आग्रह. त्यांना वाचतच मी कागद तपासायला शिकलो. कुठे शाई वेगळी, कुठे तारीख मागाहून घातलेली, हे शोधण्यात वय गेले. आणि स्वतःच्या हातात फाइल येताच मी मूळ साधनच बदलले, वर त्याची बखर रचली! लंडनकरांनी निदान उघड विनंती तरी केली होती.

आठ महिन्यांनी मी दोघांनाही लिहून कळवले. उत्तराला अकरा दिवस लागले. डाव मोडला, मैत्रीही गेली, असे मी धरून चाललो होतो. शेवटी नाशिकहून फाइल आली. त्याने आपली पाळी नेहमीसारखी खेळली होती. सोबत लिहिले होते, "शहर ठेव. इतक्या पाळ्या मागे जाता येणार नाही. पण अरे, बखर दुरुस्त कर."

मी जुनी ओळ खोडली नाही. तिच्याखाली खरे काय झाले ते आजच्या तारखेने लिहिले आणि तिघांच्या संग्रहात ठेवले. डाव अजून चालू आहे. आता फाइल टोरांटोला आहे.