मूर्तीला शिंगे कोणी दिली?

१६३८ साली रोममध्ये फ्रांस्वा पेरिए या चित्रकाराने प्राचीन पुतळ्यांची शंभर चित्रे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून प्रसिद्ध केली. हे देव मूर्तिपूजकांचे. तरी बरोक युगातील ख्रिस्ती युरोपने त्यांचे सौंदर्य निःसंकोचपणे मान्य केले. आमच्या देशातील मूर्तींच्या वाट्याला मात्र हे औदार्य फारसे आले नाही.

यान हुइखेन फान लिन्सखोटेन हा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस होता. त्याचा ग्रंथ १५९६ साली अॅमस्टरडॅम येथे छापला गेला. गोव्याजवळच्या एका खेड्यात पाहिलेल्या मूर्तीचे त्याने त्यात वर्णन केले आहे: डोक्यावर शिंगे, गुडघ्यांपर्यंत लोंबणारे दात, पोटावर दुसरे तोंड आणि मस्तकी पोपमहाशयांच्या मुकुटासारखा तिहेरी मुकुट. प्रकटीकरणातील श्वापदाची आठवण तो स्वतःच देतो. म्हणजे डोळ्यांनी दगड पाहिला, पण लेखणीने उतरविले ते शास्त्रातील श्वापद! गोवे कधी न पाहिलेल्या कोरक्यांनी मग तेच पत्र्यावर पक्के केले. मुकुटाचा टोला प्रॉटेस्टंट वाचकांना खासच रुचला असेल.

धूलकोट येथील आमच्या एका धर्मशिक्षक बंधूंनी हे चित्र पाहून विचारले, "फादर, हा कोणता देव?" आम्हांस उत्तर सुचले नाही. असा देव आम्ही कोणत्याच देवळात पाहिलेला नाही. शेजाऱ्याला स्वतःची म्हणून ओळखता येणार नाही अशा श्रद्धेचे खंडन आपण व्यासपीठावरून किती वेळा केले असेल, हा विचार तेव्हापासून आमची पाठ सोडीत नाही.

किर्खर या येशूसंघीय पंडिताच्या १६६७ च्या ग्रंथात अवतारांची चित्रे आहेत. पण तोही भारतात कधी आला नव्हता.

कार्स्टेन नीबूर याची गोष्ट निराळी. डॅनिश राजाने पाठविलेल्या मोहिमेतील चित्रकार बाउरेनफाइंड १७६३ साली मुंबईच्या वाटेवर समुद्रातच वारला. त्यामुळे घारापुरीची लेणी मोजण्याचे व रेखाटण्याचे काम मोजणीदार नीबूरवर पडले. १७७८ साली कोपनहेगन येथे छापलेल्या खंडातील त्याची त्रिमुखी मूर्ती कलादृष्ट्या दुबळी आहे, हे आम्ही मान्य करतो. मधल्या मुखावरील ध्यानस्थ शांती तिच्यात उतरलेली नाही, आणि ओठ तर अगदीच लाकडी झाले आहेत. परंतु त्याने दगडासमोर उभे राहून माप घेतले, आणि जे दिसले त्यात पदरचे काही घातले नाही. घारापुरीस जाणाऱ्या बंधूंनी ते चित्र सोबत न्यावे व मूर्तीशी ताडून पाहावे.