शब्दावाचून गीत : एनॉक डॅनियल्स यांच्या धुनांच्या तबकड्या

चित्रपटगीताची वाद्यावर वाजविलेली धून हा विषय संगीतसमीक्षेत उपेक्षित राहिला आहे आणि भाषाविचारात तर त्याला प्रवेशच नाही. संगीतज्ञ तिला अनुकरण म्हणून बाजूस सारतात. तीत शब्दच नसल्याने भाषाभ्यासकाला ती आपल्या क्षेत्राबाहेरची वाटते. वस्तुतः गीतातून शब्द काढून घेतल्यावर काय उरते, हा प्रश्न भाषाविज्ञानाचाच होय. पुण्याचे अकॉर्डियनवादक एनॉक डॅनियल्स यांनी 'हिज मास्टर्स व्हॉइस'साठी वाजविलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या धुना या प्रश्नाच्या विचारास फार उपयोगी आहेत.

लोकप्रिय पट्टीवाद्याचा विचार निघाला की पाश्चात्त्य वाचकाला लिबराची (१९१९–१९८७) आठवतो. पियानोवर पेटते शमादान, अंगावर लकाकणारे पोशाख, आणि अभिजात रचनांचे आटोपशीर संक्षेप असा त्याचा थाट होता. त्याची टवाळी पुष्कळ झाली. १९५९ साली लंडनच्या एका दैनिकाविरुद्ध त्याने अब्रुनुकसानीचा दावाही जिंकला. परंतु त्याच्या वादनातील अलंकारांची रेलचेल ही केवळ स्वभावाची हौस समजणे बरोबर नाही. पियानोची हातोडी तारेवर आदळते आणि त्याच क्षणापासून नाद ओसरू लागतो. वाजवणाऱ्याला तो पुन्हा फुगवता येत नाही. गाणाऱ्याचा लांबलेला आकार पियानोवर टिकत नाही, म्हणून ती पोकळी तुटक सुरावटींनी, कंपनांनी भरून काढावी लागते. ध्वनिविचाराच्या परिभाषेत बोलायचे तर पियानोजवळ व्यंजनाचा आघात भरपूर आहे, पण त्यामागून येणारा स्वर टिकाऊ नाही. लिबराचीच्या झगमगाटाचे एक मूळ वाद्याच्या रचनेतच आहे.

अकॉर्डियनची गोष्ट निराळी. येथेही पट्ट्याच आहेत, परंतु नाद निर्माण होतो तो भात्याच्या वाऱ्याने. पट्टी दाबलेली ठेवून भात्याचा दाब कमीजास्त केला की सुरू झालेला नाद फुगतो, दबतो, विरतो. मानवी उच्चारणात फुप्फुसांतील हवेचा दाब जे कार्य करतो तेच येथे डाव्या हाताकडे आले आहे. डॅनियल्स यांचे कौशल्य याच ठिकाणी आहे. गीताच्या ओळीत एकाच सुरावर तीन अक्षरे येत असतील, तर पट्टी तीनदा उचलावी की एकदाच दाबून धरावी, हा निर्णय वादकाला घ्यावा लागतो. पहिल्या पद्धतीने अक्षरे मोजता येतात, दुसरीने ती एकात एक विरघळतात. चांगला धूनवादक अक्षरांची संख्या आणि मात्रांचे ऱ्हस्वदीर्घत्व सांभाळतो. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात शब्द आपोआप उभे राहतात. डॅनियल्स यांच्या द्रुत लयीतील धुनांत हे फार नेमके साधले आहे.

विलंबित, भावगर्भ गीतांत मात्र त्यांच्या वाद्याची मर्यादा उघडी पडते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. दोन पट्ट्यांमधला सूर अकॉर्डियनला नाही, मींड नाही. कणस्वर लावून तिचा आभास करता येतो, पण तो आभासच. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, तिच्यामागे पट्टीवाद्यांवरचा हाच आक्षेप होता. तो शास्त्रीय संगीतापुरता कितीही खरा असो, चित्रपटगीताला लावताना थोडा विचार हवा. या गीतांतील मधल्या वाद्यखंडांत पाश्चात्त्य वाद्यमेळाची सुरावट बहुधा पूर्वीचीच असते. धुनेत ते खंड जवळपास जसेच्या तसे येतात. बदलतो तो केवळ गायकाचा कंठ. 'संगम' (१९६४) या चित्रपटात राज कपूर एका गीतात अकॉर्डियन घेऊन उभा राहतो आणि दुसऱ्यात पियानोसमोर बसतो. ज्या गीतात ही वाद्ये जन्मतःच आहेत, त्याची धून पट्टीवाद्यावर वाजविणे म्हणजे परक्याने केलेली नक्कल नव्हे.

नांदेड आणि लातूर या भागांत हा प्रश्न अधिक चमत्कारिक रूप घेतो. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, शहरांतून दखनी व उर्दू, आणि सर्वत्र मराठी. १९४८ पर्यंत येथे निजामाचे राज्य होते आणि कारभाराची भाषा उर्दू होती. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वारात हार्मोनियमच्या साथीने कीर्तन चालते. म्हणजे पट्टीवाद्य आणि शब्द यांचे नाते या मातीला अपरिचित नाही. अशा बहुभाषिक प्रदेशात निःशब्द धून ही सर्वांना समान, भाषातीत वस्तू ठरेल असे कोणालाही वाटेल. 'संगीताला भाषा नसते' हे वाक्य आपण सभासमारंभांतून वरचेवर ऐकतोही. प्रत्यक्ष अनुभव याच्या उलट आहे. लग्नाच्या वरातीत बँडवाला क्लॅरिनेटवर एखादी धून उचलतो, तेव्हा घरी तेलुगू बोलणारा माणूस तीत तेलुगू शब्द घालीत नाही, मराठी बोलणारा मराठी घालीत नाही. दोघेही तेच हिंदी-उर्दू शब्द गुणगुणतात. फरक पडला तर तो उच्चारात, नुक्त्याच्या ख-ग-ज या ध्वनींत. म्हणजे धुनेतून शब्द गेले, भाषा गेली नाही. गीत ज्या भाषेत प्रथम ऐकले गेले ती भाषा सुरावटीला चिकटून राहते, आणि ऐकणाऱ्याची मातृभाषा तेथे फक्त उच्चाराच्या रूपाने डोकावते. मूळ गीत न ऐकलेल्या माणसाला मात्र धुनेत शब्द सापडत नाहीत; त्याच्यापुरती ती केवळ सुरावट असते. आजच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांची स्थिती हीच आहे, आणि म्हणून एकाच तबकडीवर दोन पिढ्यांची परीक्षा घेणे शक्य आहे. असे काम या विभागातून व्हावयास हवे.

या धुनांच्या तबकड्यांचे वेष्टन पाहावे. गायक नाही, शब्द नाहीत, तरीही प्रत्येक धुनेपुढे छापलेले असते ते गीताचे पहिले चरण, आणि सोबत चित्रपटाचे नाव. धुनेला स्वतःचे निराळे नाव कोणी ठेवलेले नाही.