समान चलन आणि गोदाकाठचा व्यापार : एका प्रमेयाची चिकित्सा

अँड्र्यू रोझ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने २००० साली, १८६ देशांच्या १९७० ते १९९० या काळातील आकडेवारीवरून, समान चलन असलेल्या देशांचा परस्पर व्यापार इतरांच्या तिपटीहून अधिक असतो, असे प्रतिपादन केले. हे प्रमेय गोदाकाठच्या अनुभवावर घासून पाहण्याजोगे आहे.

नेवासे तालुक्यातील सोनई हे गाव मुंबई इलाख्यात, कलदार रुपयाच्या मुलुखात होते. प्रवरासंगमापाशी गोदावरी ओलांडली की निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले. सात हाली म्हणजे सहा कलदार, या प्रमाणाच्या आसपासच विसाव्या शतकातील भाव बहुतांशी टिकून राहिला. अर्थात विनिमयाच्या अनिश्चिततेचे भय व्यापाऱ्यास फारसे नव्हते. सराफाचा बट्टा सोसला की काम भागे. खरी अडचण जकातीची होती. १८०२ च्या व्यापारी तहाने ती शेकडा पाच ठरविली होती. नाक्यावरील खोळंबा निराळाच. १९४८ मध्ये निजामी राजवट संपुष्टात आली, १९५० च्या वित्तीय एकीकरणानंतर ही जकात क्रमाक्रमाने उठली, १९५६ मध्ये दोन्ही तीर एका राज्यात आले आणि १९५९ पर्यंत हाली चलनातून गेला. अवघ्या दशकात इतके पालट झाले असता व्यापारवृद्धीचे श्रेय एकट्या रुपयास देणे तर्कदुष्ट ठरेल. रोझच्या विवेचनातील वैगुण्यही हेच. त्याच्या यादीतील समान चलनाचे देश बहुधा लहान आणि वसाहतकालीन धाग्यांनी बांधलेले होते. युरोपात जकातीच्या भिंती आधीच पडल्या होत्या. तेथे युरोचा परिणाम मिको, स्टाइन व ऑर्दोन्येझ यांना २००३ साली शेकडा पाच ते दहा एवढाच आढळला.

भांडवल गुंतवणुकीच्या बाबतीत तर हे प्रमेय अधिकच लंगडे पडते. सोनईचे चलन पालटले नाही. तरीही तेथे मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो पाटाचे पाणी आणि सहकाराला मिळालेला सरकारी आश्रय यांच्या बळावर. उलट ज्या मराठवाड्याचे चलन एक झाले, त्याचा अनुशेष मोजण्यासाठी १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमावी लागली. समान चलनाच्या क्षेत्रात श्रमिकांना मुक्त संचार हवा, ही मुंडेलने १९६१ साली घातलेली अट मात्र येथे पुरी झाली, पण कशी? भांडवल नदी ओलांडून पलीकडे पुरेसे गेले नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूरच कोयता घेऊन दरवर्षी नगरच्या कारखान्यांकडे येऊ लागले.