पाली साहित्यातील स्त्री : दोन दृष्टी आणि आपले वाचन

बौद्ध साहित्यातील स्त्रीविषयक विचारांची चर्चा आपल्याकडे बहुधा थेरीगाथेपासून सुरू होते आणि थेरीगाथेपाशीच संपते. व्याख्यानांतून, विशेषांकांतून, वर्षावासातील प्रवचनांतून पटाचारा, किसा गोतमी, आम्रपाली यांची नावे आदराने घेतली जातात. तथागतांनी स्त्रीला धम्मात समान स्थान दिले, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. ज्या तिपिटकात थेरीगाथा आहे, त्याच तिपिटकाच्या विनयात भिक्खुणींसाठी आठ गरुधम्म आहेत आणि जातकाच्या एकनिपातात 'इत्थिवग्ग' नावाचा एक वर्गही आहे. यांपैकी एकच पान उघडून दाखवावे आणि बाकीची मिटून ठेवावीत, हे विद्येला धरून नाही आणि धम्मालाही धरून नाही.

काही वर्षांपूर्वी वर्गात असातमन्त जातकाचे वाचन चालू होते. तक्षशिलेच्या आचार्याची एकशेवीस वर्षांची वृद्ध माता एका तरुण शिष्याच्या मोहात पडते आणि त्यासाठी पोटच्या मुलाला ठार करावयास तयार होते, अशी ती कथा. वाचन संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "हे आपल्याच ग्रंथात आहे का?" मी सवयीने म्हणालो, "हा भाग नंतर घुसडलेला आहे." तिने शांतपणे पुन्हा विचारले, "कशावरून?" त्या एका शब्दाचे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे ऋण फेडण्याचा प्रयत्न आहे.

'प्रक्षिप्त' हा शब्द आपण ज्यांच्यापासून शिकलो, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो कधीही सैलपणे वापरला नाही. भारतीय स्त्रीच्या अवनतीस बुद्ध जबाबदार आहेत, या आरोपाला त्यांनी १९५१ साली 'महाबोधी' या नियतकालिकात सविस्तर उत्तर दिले. महापरिनिब्बान सुत्तात स्त्रियांशी कसे वागावे, असे आनंद विचारतो आणि त्यांचे दर्शनही टाळावे, असे उत्तर त्याला मिळते. बाबासाहेबांनी हा संवाद मूळचा नसून भिक्खूंनी मागाहून घातलेला आहे, असे मत मांडले. पण ते मांडताना कारणे दिली. तथागतांचे विशाखेशी व आम्रपालीशी असलेले वर्तन त्यांनी या संवादासमोर ठेवले आणि दोहोंचा मेळ बसत नाही, हे दाखवून दिले. प्रतिकूल मजकूर दिसला की तो प्रक्षिप्त ठरवावा, अशी त्यांची रीत नव्हती. विसंगती सिद्ध करावी आणि मगच निर्णय द्यावा, अशी होती. आपण निर्णय उचलला, रीत मात्र मागे ठेवली.

ती रीत गरुधम्मांना लावून पाहू. चुल्लवग्गाच्या दहाव्या खंधकातील वृत्तांत सर्वपरिचित आहे. महापजापती गोतमीने कपिलवस्तू येथे प्रव्रज्या मागितली. ती नाकारली गेली. केशवपन करून, काषाय वस्त्रे धारण करून ती शाक्य स्त्रियांसह पायी वैशालीला आली. स्त्री प्रव्रजित झाल्यास अर्हत्त्वापर्यंतची चारही फळे प्राप्त करण्यास समर्थ आहे काय, असा प्रश्न आनंदाने केला आणि तथागतांनी ती समर्थ आहे असे सांगितले. यानंतर आठ गरुधम्मांची अट येते. भिक्खुणी शंभर वर्षांची उपसंपन्न असली, तरी तिने त्याच दिवशी उपसंपदा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावे, ही त्यांतील पहिली.

येथे तीन गोष्टी खटकतात. पहिली अशी की, विनयाची पद्धत घटना घडल्यावर नियम करण्याची आहे. येथे मात्र संघ अस्तित्वात येण्यापूर्वीच आठ नियम तयार आहेत. धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात याच आधारावर हे नियम उत्तरकालीन मानले आहेत. दुसरी अशी की, दोन वर्षे शिक्षमाणा राहिल्यावर दोन्ही संघांकडून उपसंपदा घ्यावी, असे एक गरुधम्म सांगतो. पण गोतमीच पहिली भिक्खुणी असेल, तर त्या वेळी दुसरा संघ होता कोठे? तिसरी गोष्ट पातिमोक्खातच आहे. भिक्खूरहित ठिकाणी वर्षावास न करणे, उभय संघांत पवारणा करणे, दर पंधरवड्यास उपदेशाची विचारणा करणे, भिक्खूस दुर्वचन न बोलणे हे गरुधम्म भिक्खुणींच्या पाचित्तिय नियमांतही येतात, आणि तेथे प्रत्येक नियमामागे त्याच्या कारणाची स्वतंत्र घटना दिलेली आहे. जो नियम आरंभापासून आजन्म अनुल्लंघनीय होता, तो पुन्हा एखाद्या प्रमादानंतर करण्याचे प्रयोजन काय? एवढ्या आधारावर आठ गरुधम्मांची यादी मागाहून सिद्ध झाली, असे म्हणता येते. 'कशावरून?' या प्रश्नाला येथे उत्तर आहे.

त्याच खंधकात पुढे आणखी एक प्रसंग आहे, ज्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. भिक्खू-भिक्खुणींनी परस्परांस ज्येष्ठतेनुसार वंदन करावे, अशी विनंती गोतमी आनंदाकरवी पाठविते. ती अमान्य होते, आणि कारण असे दिले जाते की, अन्य पंथीयही स्त्रियांना वंदन करीत नाहीत. हे कारण धम्माचे नाही, लोकरूढीचे आहे. ते कोणी घातले असेल ते असो; असमानतेला धम्मात आधार सापडला नाही म्हणून तो बाहेरून आणावा लागला, याची कबुली या प्रसंगाने दिली आहे. पहिल्या संगीतीच्या वृत्तांतात तर स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी प्रयत्न केल्याबद्दल आनंदाला दोषी ठरविले जाते. मला यात दोष दिसत नाही, तथापि आपणांवरील श्रद्धेमुळे तो मान्य करतो, असे आनंद स्थविरांना सांगतो. संघातील स्थविरांचा एक वर्ग भिक्खुणी संघाबद्दल अस्वस्थ होता, याचा याहून स्पष्ट पुरावा हवा कशाला?

परंतु ही कसोटी सर्वत्र आपल्या सोयीचे उत्तर देत नाही. कोसल संयुत्तात राणी मल्लिकेला कन्या झाल्याचे ऐकून राजा पसेनदी खिन्न होतो, तेव्हा स्त्रीही पुरुषाहून श्रेष्ठ ठरू शकते, असे तथागत त्याला सांगतात. हे वचन आपण वारंवार उद्धृत करतो. मात्र त्या श्रेष्ठत्वाची लक्षणे क्वचितच सांगतो : प्रज्ञा व शील यांच्याबरोबर सासूला मानणे, पतिव्रता असणे आणि पराक्रमी पुत्राला जन्म देणे हीही त्यांत आहेत. एका कष्टी राजाला त्याच्या भाषेत दिलेला हा दिलासा आहे. तो समतेचा जाहीरनामा नव्हे.

इसिदासीच्या गाथा याहून अवघड आहेत. तिचा वृत्तांत पाटलिपुत्रात घडतो. तथागतांच्या हयातीत ते पाटलिगाम होते. म्हणजे या गाथा परिनिर्वाणानंतरच्या. मूळ ते चांगले आणि उत्तरकालीन ते वाईट, हे आपले समीकरण येथे कोलमडते. कारण सासरी राबणाऱ्या, काहीही अपराध नसता तीन वेळा टाकून दिलेल्या स्त्रीचे इतके थेट कथन पाली साहित्यात अन्यत्र मिळणे कठीण. आणि तीच इसिदासी या दुःखाचे कारण पूर्वजन्मी पुरुष असताना केलेल्या परस्त्रीगमनात शोधते. स्त्रीजन्म हे तिच्या लेखी त्या कर्माचे फळ ठरते. पतीचा अन्याय तिने सांगितला, पण पतीला जाब विचारला नाही. या गाथांतील वेदना स्वीकारावी आणि तिचे दिलेले कारण तपासावे, एवढे स्वातंत्र्य वाचकाने घेतलेच पाहिजे.

आता त्या वर्गातील जातकाकडे वळू. इत्थिवग्गातील काही कथांची निमित्ते पाहिली, तर त्यांचा श्रोता लक्षात येतो : ब्रह्मचर्यात मन न रमणारा भिक्खू. त्याचे चित्त स्थिर करण्यासाठी स्त्रीचे चित्र काळे केले आहे. वासना पुरुषाची, आणि दोष स्त्रीच्या देहाचा! याच्या शेजारी जीवकाच्या आम्रवनातील सुभा थेरीच्या गाथा ठेवून पाहाव्यात. तेथे वाट अडविणारा तरुण तिच्या नेत्रांवर लुब्ध होतो. ती तो डोळाच काढून त्याच्या हातावर ठेवते. देह जसा होता तसाच आहे, दोष पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे, हे सुभा सिद्ध करते. त्याचे मोल मात्र तिलाच द्यावे लागते, हेही विसरता येत नाही. सोमा थेरीला मार स्त्रीच्या दोन बोटांएवढ्या बुद्धीबद्दल हिणवतो; अट्ठकथाकार त्या 'दोन बोटांचा' अर्थ भाताचे शीत चेपून पाहण्याशी जोडतात. चुलीशी बांधून ठेवायचे आणि चुलीवरूनच बुद्धी मोजायची, हा न्याय माराच्या तोंडी आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. चित्त समाहित असता स्त्रीत्वाचा अडसर कसला, असा सोमेचा प्रतिप्रश्न आहे.

हा विवाद केवळ ग्रंथांतील नाही. १९९६ साली सारनाथ येथे आणि १९९८ साली बोधगया येथे थेरवादी परंपरेतील स्त्रियांना भिक्खुणी उपसंपदा दिली गेली, तेव्हा तिला झालेल्या विरोधाचा आधार उभय संघांची अटच होती. आपल्या विहारांतही वर्षावासात ग्रंथ ऐकावयास बसणाऱ्यांत उपासिकांची संख्या मोठी असते. धम्मासनावर आणि विहार समितीच्या बैठकीत मात्र त्या किती दिसतात, हे ज्याने त्याने आपल्या विहारात पाहावे. त्यासाठी कोणी गरुधम्मांचा हवाला देत नाही. तशी गरजच पडत नाही. रूढी पुरते, चुल्लवग्गात पुरली तशीच.

म्हणून त्या विद्यार्थिनीला आज मी असे उत्तर देईन : होय, हे आपल्याच ग्रंथात आहे. त्यातील काही मागाहून आले, हे सिद्ध करता येते. काही सिद्ध करता येत नाही. तथागतांनी चार फळांविषयी आनंदाला जे उत्तर दिले, ते प्रमाण मानून उरलेल्या प्रत्येक पानाला प्रश्न विचारण्याचा अधिकार तुला आहे. मज्झिमनिकायात धम्मदिन्नेने विशाख उपासकाच्या प्रश्नांची उत्तरे दिली आणि आपणही हेच सांगितले असते, असे तथागत म्हणाले. जेथे स्त्री धम्म सांगते आणि पुरुष ऐकतो, असे ते पान आहे. ते आपल्या विहारात किती वेळा उघडले जाते, यावरून आपल्या वाचनाची परीक्षा व्हावी.