गांधीलमाशीची चूक

प्राण्यांविषयीं लिहिणाराला दोन मोह आवरावे लागतात: एक, प्राण्याच्या ठिकाणीं माणसाचें मन कल्पिण्याचा, दुसरा, त्याला किल्ली दिलेलें यंत्र समजण्याचा. पंचतंत्रावर वाढलेल्या आपणां मराठी वाचकांस पहिला मोह परिचयाचा आहे, व गोष्टीपुरता तो शोभतोही; निरीक्षणाच्या ग्रंथांत मात्र तो सत्याची हानि करतो. डच शास्त्रज्ञ निको टिंबर्गेन यांचा १९५८ सालीं प्रसिद्ध झालेला 'क्यूरिअस नॅचरलिस्ट्स' हा ग्रंथ दोन्ही मोह कसे टाळावे याचा वस्तुपाठ होय.

त्यांत हॉलंडमधील हुल्सहॉर्स्टच्या वालुकामय माळावरची एक गांधीलमाशी भेटते. वाळूंत बीळ करून ती तेथें डंख मारून बधिर केलेल्या मधमाश्या आणते. बाहेर निघतांना ती बिळावर घिरट्या घालून परिसर न्याहाळते. यांत ती काय शिकते? टिंबर्गेन यांनीं बिळाभोंवतीं पाइनच्या वाळक्या फळांचें कडें मांडलें, तिला त्याची संवय होऊं दिली, आणि ती शिकारीस गेल्यावर तें सुमारें एक फूट सरकविलें. परतलेली माशी त्या कड्याच्या मध्यभागीं उतरून, तेथें नसलेलें दार शोधूं लागली! एवढ्यानें लेखकाचें समाधान होत नाहीं. तिला वास तर ओढीत नसेल? वास व फळें निरनिराळीं ठेवलीं, तरी ती फळांकडेच गेली. मग खूण फळांची, कीं मांडणीची? फळांचा त्रिकोण आणि खड्यांचें कडें समोर ठेवलें, तेव्हां तिनें कडेंच निवडलें.

घराशीं येऊन बेघर झालेल्या त्या जीवास काय वाटलें असेल, याविषयीं लेखक कांहींच सांगत नाहीं, असा आक्षेप कोणी घेईल. प्राण्याच्या अंतरंगांतील अनुभव प्रत्यक्ष पाहतां येत नाहीं, तेव्हां तो आहे किंवा नाहीं असें ठासून सांगणें व्यर्थ, ही टिंबर्गेन यांची भूमिका त्यांच्या १९५१ च्या 'द स्टडी ऑफ इन्स्टिंक्ट' या ग्रंथांतच आढळते. आमच्या मतें हें मौन रुक्षपणाचें नसून आदराचें आहे. माशीच्या वतीनें बोलण्याऐवजीं तो तिलाच प्रश्न विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.

आपल्या घराच्या भिंतीवर मातीचें घरटें बांधणारी कुंभारीण माशी कोणी पाहिली नाहीं? ती नेमकी तेथेंच कशी परतते, हें तिलाच विचारण्याची ही रीत मराठी निसर्गलेखकांनीं अवश्य उचलावी.