तगर: तीस दिवसांची गाडीवाट

मराठवाड्यातल्या तेरला जायचं तर सोबत एक परिच्छेद घेऊन जावं, असं मला वाटतं. तो आहे जेमतेम दोन-तीन वाक्यांचा, मूळ ग्रीक भाषेतला. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला तो लिहिला गेला. लिहिणारा इजिप्तमधला ग्रीकभाषक व्यापारी. त्यानं स्वतःचं नाव कुठेच दिलेलं नाही. तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत कुठलं बंदर कुठे आहे, तिथे काय खपतं आणि काय मिळतं याची त्यानं एक वही केली. तीच पुढे ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखली गेली. सहासष्ट छोट्या प्रकरणांची ही वही दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितामुळे आपल्यापर्यंत पोचली. ते हस्तलिखित आज जर्मनीत हायडेलबर्गला आहे. आणि तिच्या एक्कावन्नाव्या प्रकरणात आपलं तेर आहे, ‘तगर’ या नावानं.

परिच्छेदाचा आशय सरळ आहे. दक्षिणेच्या मुलखात व्यापाराची दोन ठिकाणं विशेष आहेत. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीकासारखे दगड भडोचला येतात, तगरहून कापड येतं, आणि हे सगळं गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून येतं. संपलं. ना वर्णन, ना कौतुक. तरी हा परिच्छेद मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो, कारण त्यातला एकेक शब्द मोजूनमापून ठेवलेला आहे आणि प्रत्येकाखाली पाऊलवाट आहे.

सुरुवात करावी ती दिवसांपासून. इथे हा माणूस अंतर कोसांत सांगत नाही, दिवसांत सांगतो. नकाशावर भडोच ते पैठण सरळ रेघ मारली तर ती साधारण साडेतीनशे किलोमीटर भरते. तिला वीसनं भागलं की रोजचे सतरा-अठरा किलोमीटर. पैठण ते तेर दीडशेच्या आसपास, म्हणजे दहा दिवसांत रोजचे पंधरा. वाट वळणं घेत जाणार, नदीला उतार शोधत जाणार, तेव्हा प्रत्यक्षात थोडे जास्तच. भरल्या गाडीचा बैल दिवसाकाठी साधारण एवढंच चालतो. दोन्ही टप्प्यांचा वेग असा जुळतो तेव्हा हे आकडे हवेतून आलेले नाहीत हे कळतं. ही चाल बैलाची आहे. त्या समुद्रावरच्या माणसाला ती कुणा गाडीवानानं, नाहीतर गाडीवानाशी व्यवहार करणाऱ्या एखाद्या आडत्यानं सांगितली असणार. एकूण तीस दिवस: एका अमावास्येला तेरणा नदीकाठी गाडी जुंपली तर पुढच्या अमावास्येला नर्मदा दिसायची.

याच आकड्यांनी तगरचा ठावठिकाणा लावायला मदत केली. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी तगर म्हणून दौलताबाद, जुन्नर, धारूर अशी नावं सुचवली होती. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असं मांडलं आणि ते मान्य झालं. दिशेत मात्र लेखक थोडा चुकलाय. तेर पैठणच्या नेमकं पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. पण दिवस बरोबर आहेत. गाडीवानाला दिवस पक्के ठाऊक असतात, दिशा तो हातानं दाखवतो.

आता विशेषण. सगळ्या परिच्छेदात ठिकाणाला लावलेलं मोठेपणाचं विशेषण एकच आहे, आणि ते पैठणला नाही, तगरला आहे: ‘फार मोठं’ शहर. पैठण सातवाहनांची राजधानी. तिच्याविषयी हा माणूस फक्त अंतर आणि दगड सांगतो. राजवाडा इथे त्याच्या मोजमापात बसतच नाही. बाजारात किती माल उतरतो आणि किती भरला जातो, यावरून तो गाव मोठं की लहान ते ठरवत असावा. त्या मापानं तगर मोठं. पुढे कित्येक शतकांनी कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत ‘तगरपुरवराधीश्वर’ अशी बिरुदावली मिरवत राहिले, तेव्हा तगर त्यांच्या ताब्यातही नव्हतं. मूळ गाव कुठलं, हे सांगायला त्यांना तेच नाव हवं होतं.

याच्या आधीच्या प्रकरणात एक छोटी नोंद आहे, तीही सोबत वाचावी. तो म्हणतो, या मुलखाला दखिनाबदेस म्हणतात, कारण इथल्या लोकांच्या भाषेत दक्षिणेला ‘दखन’सारखा शब्द आहे. आपण दक्खन म्हणतो तेव्हा तो शब्द तोंडात जसा येतो, जवळजवळ तसाच त्याच्या कानावर पडला होता. कुणीतरी बोललं, यानं विचारलं असेल याचा अर्थ काय, आणि वहीत लिहून ठेवलं. मालाच्या भावांमध्ये एक शब्दही जपून नेला.

‘गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून’ हा तुकडा मी तेरच्या शिवारात उभा राहून वाचला तेव्हा तो उलगडला. इथली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात तिच्यात चाक आसापर्यंत रुतेल. म्हणजे गाड्या चालणार त्या पाऊस ओसरल्यावर, दसऱ्यानंतर वाट वाळली की. आणि इजिप्तहून भडोचला यायला जुलैच्या सुमारास निघावं, असं हाच लेखक दुसरीकडे सांगतो. ती जहाजं मोसमी वाऱ्यावर येणार, माल घेऊन थंडीतल्या उलट्या वाऱ्यावर परत जाणार. गाड्यांचे तीस दिवस या दोन वाऱ्यांच्या मधल्या फटीत नेमके बसतात. मराठवाड्याचा चिखल आणि अरबी समुद्राचा वारा या दोघांनी मिळून इथल्या बाजाराचं पंचांग ठरवलं होतं.

मग येतो माल. तगरहून काय? यादीत पहिलं नाव आहे साध्या कापडाचं, आणि तेही ‘पुष्कळ’. त्यानंतर तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रं, मग एक विशिष्ट जातीचं कापड. तलम मलमलीच्या आधी त्यानं जाडंभरडं लिहिलं याचं मला फार मोल वाटतं. दरबारी लेखक असता तर त्यानं उलटं केलं असतं. या माणसाला ठाऊक आहे की गाडी भरते ती साध्या कापडानं. एखाद्या रोमन घरात तलम वस्त्र गेलं असेल, पण तेरणेकाठच्या शेकडो घरांत मागावर बसलेल्या हातांना रोज काम मिळालं ते या ‘पुष्कळ’ कापडामुळे. त्या विणकरांचा उल्लेख कुठल्याच ताम्रपटात नाही. या एका विशेषणात तेवढे ते उरलेत.

शेवटचा तुकडा घाईत निसटतो: किनाऱ्याकडच्या प्रदेशातून तगरला येणारा इतर माल. तो किनारा पूर्वेचा असावा, असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे तगर नुसतं विणणारं गाव नव्हतं, माल हातबदल होणारी पेठ होती. मग प्रश्न येतो की हा सगळा माल जवळच्या कल्याणला का उतरला नाही? भडोच तर कितीतरी लांब. उत्तर पुढच्याच प्रकरणात आहे. कल्याण बंदराची कोंडी झाली होती, तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. सातवाहन आणि क्षत्रप या राजघराण्यांच्या झगड्याचा भार तगरच्या बैलांच्या मानेवर आला होता.

एवढं वाचून गावात शिरावं. मराठवाड्यात शिवाराला ‘काळी’ म्हणतात आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती मिसळून ती जमीन पांढुरकी होते. तेरची पांढरी म्हणजे उंचवटे. कोट टेकडी, बैरागी टेकडी अशी त्यांची नावं. 1958 मध्ये बा. ना. चापेकरांनी इथे उत्खनन केलं, त्यानंतरही अनेकदा झालं. काळीतून कापूस आला आणि पांढरीत बाजार भरला: परिच्छेदातलं तगर या दोन रंगांच्या मध्ये उभं होतं.

गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ मागच्या बाजूनं बघावं. समोरून ते देवळासारखंच दिसतं. मागे गेलं की भिंत गोल वळते आणि वर विटांचं छप्पर गाडीच्या तट्ट्यासारखं कमानदार होतं. कार्ल्याच्या किंवा भाज्याच्या चैत्यात डोंगर कोरून जो आकार काढला, तोच इथे विटेवर वीट ठेवून उभा केलाय. हेन्री कझन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओळखलं की हे मुळात बौद्ध चैत्यगृह असावं, पुढे त्यात विष्णूची स्थापना झाली. असं बांधीव चैत्यगृह उभं राहिलेलं देशात फार थोड्या ठिकाणी दिसतं. चैत्यलेण्यांच्या दानलेखांत व्यापारी आणि कारागीर यांची नावं जागोजाग येतात. इथे लेख नाही, पण दान कुठल्या पैशातून आलं असेल हे परिच्छेद हातात असला की कळतं.

तिथून तेरणेच्या काठाला, गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या समाधीकडे यावं. कालेश्वराच्या देवळाजवळ ही समाधी आहे. परंपरेनं समाधीचं वर्ष 1317. संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कुठलं मडकं कच्चं ते सांगणारे काका, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तेरमध्ये ती ऐकताना मला तिच्यातली कारागिरी जाणवली. मडकं पक्कं की कच्चं हे डोळ्यांनी कळत नाही, आवाजानं कळतं. हे ज्ञान चाकावर बसणाऱ्याचं. तगरच्या पेठेतही कुंभार हेच करत असणार. व्यापाऱ्याची वही ते लिहीत नाही, कारण मडकी हा तिचा माल नव्हता.

शेवटी वस्तुसंग्रहालय. तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात, शेतात, नदीकाठी सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. आज ते शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावानं आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती जगात गाजलेली. दागिन्यांनी सजलेली, छोटी, उभी. इटलीत पाँपेई शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे 1938 मध्ये जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिची ही बहीण शोभावी अशी. भोकरदनलाही अशीच एक मिळाली. भडोचहून निघणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे, तगरच्या ओळीत नाही. त्या ओळीत जे राहून गेलं ते इथे काचेआड उभं आहे.

मी जास्त वेळ थांबलो तो मात्र दुसऱ्या एका वस्तूसाठी. भाजलेल्या मातीचं पदक. रोमन नाण्याची नक्कल, आणि वर दोरा ओवायला भोक. खरं सोन्याचं नाणं सावकाराच्या पेटीत गेलं असेल. पण कुणा कुंभारानं ते पाहिलं, मातीत उठवलं, भाजलं, आणि कुणीतरी ते गळ्यात घातलं. रोमचा बादशहा कोण हे घालणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तीस दिवसांच्या वाटेपलीकडे, समुद्रापलीकडे काहीतरी मोठं आहे आणि त्याच्याशी आपल्या गावाचा व्यवहार आहे, हे त्याला ठाऊक होतं आणि ते मिरवावंसं वाटत होतं.

इथे मला त्या परिच्छेदाचा आणि या पांढरीचा संबंध लागला. व्यापाऱ्यानं कापड लिहिलं. ते सगळं गेलं. कुजलं, जळलं, अंगावर फाटलं. तगरच्या त्या ‘पुष्कळ’ कापडाचा वीतभर तुकडासुद्धा दाखवता येत नाही. उलट त्यानं ज्याची नोंद केली नाही, ती वीट, ते मातीचं पदक, तेच जमिनीनं सांभाळलं. एकट्या वहीवरून तगर म्हणजे गाड्यांचा नुसता थांबा वाटेल, एकट्या टेकडीवरून नुसती खापरं. दोन्ही शेजारी ठेवली की त्या कुंभाराच्या दारावरून कापडाची गाडी जाताना दिसते.

परतताना टेकडीच्या कडेला पावसानं उघडं पडलेलं एक खापर दिसलं. लाल, अंगठ्याएवढं जाड. बाहेरून घासून गुळगुळीत केलेलं. आत मात्र बोटांचे वळसे तसेच, एकाखाली एक, चाक फिरताना ओल्या मातीत उमटलेले. त्या खोबणीत माझं बोट नीट बसलं. नखानं टिचकी मारली तर खणखणीत वाजलं. पक्कं होतं. जिथे होतं तिथेच, वळशांची बाजू खाली करून ते ठेवलं आणि वाटेला लागलो.